लॉन्सच्या पार्किंगमध्ये

चुलत भावाच्या मुलीचं लग्न शहराबाहेरच्या एका लॉन्सवर होतं. माझी थोरली बहीण आणि भाऊजी चांदवडहून नव्या गाडीने आले. भाऊजींची सगळी हयात गिअरच्या गाडीवर गेलेली. ही ऑटोमॅटिक त्यांच्या मुलाने हट्टाने घ्यायला लावली होती. हायवेवरच्या ट्रकांमधून दोघं सुखरूप पोचले, तेव्हा मला हायसं वाटलं.

जेवणं आटोपून आम्ही पार्किंगमध्ये आलो. गाड्या दाटीवाटीने लावलेल्या. वळवायला गाडी मागे घ्यावी लागणार होती आणि मागे कंपाउंडची भिंत. ताई नेहमीसारखी भिंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "या... या... अजून या," ती हाताने खुणावत होती. मग म्हणाली, "बास!"

गाडी थांबायच्या ऐवजी एकदम मागे उसळली.

मोठा आवाज झालाच नाही. ताई गाडी आणि भिंतीच्या मध्ये उभीच होती. तोंड उघडं. क्षणभर मला वाटलं, ती हसतेय. मग मी किंचाळले, "पुढे घ्या! गाडी पुढे घ्या!"

भाऊजी स्टिअरिंग धरून नुसते माझ्याकडे बघत राहिले. ब्रेक समजून पाय ॲक्सिलरेटरवर पडला, हे त्यांना उमगलंच नव्हतं. बँडवाले धावत आले. एकाने दार उघडून भाऊजींना बाहेर काढलं आणि गाडी पुढे घेतली. तेव्हा कुठे ताई खाली कोसळली.

मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात भाऊजी डोक्यावरच्या फेट्यासकट बाकावर बसून होते. तो काढायचंही त्यांना सुचलं नाही. ऑपरेशनला नेताना ताईने मला जवळ बोलावलं. "त्यांना कोणी काही बोलू नका. आणि बीपीची गोळी घेतली का, ते बघ."

ताई आता काठी घेऊन चालते. भाऊजींनी त्यानंतर गाडीला हात लावलेला नाही. ती "चला की, घ्या गाडी" म्हणते. ते उठून रिक्षा बघायला जातात.

परवा नाशिक रोडला एका दुकानापुढे गाडी मागे येत होती आणि एक बाई तिच्यामागे फोनवर बोलत उभी. ओळख ना पाळख, मी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"अहो, काय करताय?" ती चिडली.

गाडी पूर्ण थांबेपर्यंत मी तिचा दंड सोडला नाही.