तांबडी व्याली त्या झडीत

श्रावणात झड लागली होती. चार-पाच दिवस ऊन नव्हतं आणि गोठ्यात कोरडी म्हणावी अशी जागा उरली नव्हती. नेमक्या त्याच वेळी आमच्या तीन गाई व्यायला आल्या होत्या. नवरा सकाळी दूध घेऊन अमरावतीला गेला आणि वलगावजवळ पाणी चढल्यानं तिकडेच अडकला. घरी मी आणि सासूबाई. त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. मी शहरात वाढलेली, लग्नाला वर्ष झालेलं; दूध काढायला शिकले होते, पण गाय विताना कधी पाहिली नव्हती.

दुपारी चारा टाकायला गेले तर त्यांतली तांबडी जागेवर नव्हती. दावं तोडून गेली होती.

"नाल्याकडं गेली असन," सासूबाई म्हणाल्या. "जनायच्या वक्ती तिले कोनी जवळ नको वाटते."

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. गाय नाल्याकडे गेल्याचं सांगितलं; निघतो म्हणाले. पाणी आणि साबण घेऊन आम्ही दोघीही निघालो. चिखलात चपला रुतू लागल्या तशा आम्ही त्या हातात घेतल्या. तांबडी नाल्याच्या काठी बाभळीखाली आडवी पडली होती, कळा देत होती. वासराचं नाक दिसत होतं आणि एकच खूर.

"दुसरा पाय मांगं दुमडला," सासूबाई म्हणाल्या. "माहा हात तर असा. तुलेच करा लागन."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर मोटारसायकल थांबली. डॉक्टर आले होते, पण मधला रपटा, नाल्यावरचा बुटका पूल, पाण्याखाली होता. ते ओरडून काहीतरी सांगत होते. पाण्याच्या आवाजात एक शब्द कळेना आणि फोन घरीच राहिला होता. मी एक बोट वर करून एकच पाय दिसतोय असं खुणावलं. मग त्यांनी छत्री बगलेत धरली, दोन्ही हात तोंडासमोर लांब केले, एक हात कोपरात दुमडला आणि डोकं मागे नेलं. पुन्हा तेच.

"काय करून राहिले ते?" सासूबाईंनी विचारलं. "नाचून राहिले का?"

मला उमगलं. डॉक्टर स्वतःच वासरू झाले होते. आधी डोकं मागे ढकल, मग पाय सरळ कर, असं ते दाखवत होते.

सोबत आणलेल्या पाण्यानं आणि साबणानं मी हात धुतला आणि आत घातला. आत इतकं ऊबदार असेल असं वाटलं नव्हतं. कळ ओसरल्यावर वासराला हळूच मागे सारलं. दुमडलेला गुडघा लागला, त्याखाली खूर. खूर तळहातात झाकून पुढे आणू लागले तर वासरानं पाय आखडून घेतला.

"आई, जिवंत आहे," मी म्हणाले.

"मंग आन त्याले बाहेर."

पाय सरळ झाला. पुढच्या कळेला मी दोन्ही पाय धरून ओढले, सासूबाईंनी डाव्या हातानं जोर लावला आणि वासरू आमच्या अंगावरच आलं. आम्ही दोघी चिखलात बसलो. ते मात्र हलेना. सासूबाईंनी त्याचं तोंड पुसलं, मी गवताची काडी नाकात फिरवली. पुन्हा फिरवली. वासरू जोरात शिंकलं आणि त्यानं मान झटकली.

"कालवड हाय," सासूबाई म्हणाल्या आणि प्लास्टरचा हात वर करून पलीकडे दाखवला. डॉक्टरांनी दोन्ही हात उंचावले, तशी बगलेतली छत्री नाल्यात पडून वाहत गेली. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मी वर्षभरात त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

तांबडीनं कालवडीला चाटून घेतल्यावर आम्ही तिला पोत्यात घालून घरी आणलं. तांबडी हंबरत मागे आली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. डॉक्टरांनी येऊन मायलेकींना तपासलं, विण्यानंतरची वार नीट पडल्याचं सांगितलं आणि दोन वाट्या खरवस खाल्ला. सासूबाईंनी त्यांना माझ्या नवऱ्याची छत्री देऊन टाकली.

बाकीच्या दोघी ऊन पडल्यावर गोठ्यातच व्याल्या, सुखरूप. सासूबाईंनी दोन्ही वेळा मला हाक मारून बोलावलं. मला करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही शेजारी बसून चहा प्यायलो आणि पाहत राहिलो.