तेल दिलं, तेवढंच लिव

माझ्या टेबलावरचे चहाचे दोन ग्लास बाबा शेजारी-शेजारी ठेवायचे, त्यांच्यावर माझी फूटपट्टी आडवी टाकायचे आणि म्हणायचे, "ह्यो आपला पाइप. आता दोनी जहाजं एकाच चालीनं चालली पायजेत. एक जरा फाकलं, की पाइप तुटला रे!"

शहापूरला तहसील कचेरीबाहेर मी अर्ज टाइप करायचो, ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा माझे कुणी नव्हेत, खर्डीकडचे भातशेतीवाले; सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. पण तरुणपणी ते नौदलाला भर समुद्रात तेल पुरवणाऱ्या जहाजावर खलाशी होते, अगदी एकाहत्तरच्या लढाईतसुद्धा. गावात कुणाला पटायचं नाही. "बाबा लढाईत रॉकेल वाटत होते," म्हणून लोक चिडवायचे. बाबाही हसायचे. राग यायचा तो मलाच.

एकदा विचारलं, "बाबा, भीती नाही वाटली?"

"वाटली ना! पाइप जोडला की पळता येत नाय. वरून इमान येवो नायतर काय बी येवो, टाकी भरेस्तोवर सरळ चालायचं." आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.

पुढे त्यांच्या ग्रामपंचायतीने लढाईवर जाऊन आलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं. बाबांना त्यावर आपलं नाव हवं होतं. त्यांचे कागद वाळवीने खाल्लेले, म्हणून दाखल्यासाठी माजी सैनिकांच्या कचेरीत हकिगत लिहून द्यायची होती. बाबांची हकिगत चार ओळींत संपली.

"गोळी मारली का कधी?" मी विचारलं.

"नाय. आमी तेल दिलं. तेवढंच लिव."

आता आमच्या धंद्याची खोड सांगतो. कोरडा अर्ज साहेब वाचत नाही, म्हणून आम्ही त्याला फोडणी द्यायचो. एक म्हैस मेली तर दोन लिहायच्या. त्याच सवयीने मी टाइप केलं, 'शत्रूच्या विमानावर स्वतः तोफ चालवली.' बाबा सहीपुरतेच शिकलेले. मी वाचून दाखवलं नाही. त्यांनी विश्वासाने सही केली.

महिन्याभराने बाबा आले ते उभेच राहिले. सैनिक कचेरीतल्या साहेबांनी विचारलं होतं, कुठली तोफ? बाबा खरं बोलले, तोफेला मी हातच लावला नाय. मग हे कुणी लिहिलं? तर म्हणाले, "सही माझी हाये." माझं नाव घेतलं नाही हो त्यांनी! अर्ज फेटाळला गेला.

"भाऊ, लोकं आदी हसायची," ते म्हणाले, "आता खोटारडा म्हनतात."

मी दुसरा अर्ज लिहिला, त्यात माझी चूक कबूल केली आणि तो घेऊन खर्डीला गेलो. बाबांनी दारातच हात जोडले. "ऱ्हाऊ दे आता." दगड बसला. त्यावर चार नावं होती. बाबांचं नव्हतं. मी करंट्याने त्यांचं आयुष्यच खोटं करून टाकलं होतं.

त्यानंतर ते माझ्याकडे कधी आले नाहीत.

काही वर्षांनी त्यांची बायको आली. बाबा गेले होते, सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती.

"तुमच्याकडंच जा, म्हनले व्हते," ती म्हणाली.

मी मान खाली घालून टाइप केलं, कागद आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. तिने अंगठ्याला शाई लावली आणि हात तसाच वर धरला.

"आदी सगला वाचून दाखवा. ह्ये बी त्येंनीच सांगितलंय."

मी पहिल्या अक्षरापासून वाचायला लागलो. मयताच्या नावापाशी येऊन अडलो. शाईचा अंगठा वर धरून ती थांबून राहिली.