आड येणारं झाड

आमच्या पडवीतून समुद्र दिसत नाही. अंगणातलं जुनं सुरूचं झाड नेमकं आड येतं. ते सोमवारी तोडायचं ठरलं होतं, आणि रविवारी मी दिवसभरासाठी होडी भाड्यानं घेऊन मनसोक्त किनारा पाहिला. परतताना खाडीच्या तोंडाशी म्हाताऱ्या होडीवाल्यानं डोळे बारीक केले.

"तां उंच झाड बघा. ताच्या रेषेत देवळाचो कळस इलो की होडी आत घालूची. नायतर पाण्याखालच्या खडपार आपटतली."

झाड आमचंच होतं. आड येणारं म्हणून आपण जे तोडायला निघतो, त्याच्याच भरवशावर कितीजण सुखरूप घरी पोचत असतील.

ते आता तोडायचं नाही. समुद्र बघावासा वाटला की होडी घेऊन जाईन. परतीची वाट माझ्याच अंगणात उभी आहे.