चार कोपऱ्यांचं खुराडं

माझा नवरा हुशार होता. म्हणजे असं तोच म्हणायचा, आणि घरात नाही म्हणणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघंच होतो. ऐंशी साल उलटल्यावर नव्या मुंबईत बोनकोडे गावाला लागून नवी बैठी घरं झाली, त्यातलं एक आम्हाला मिळालं. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा, पलीकडे चिखल आणि खाडी. दुसऱ्या कुणी तिथे अळू लावलं असतं. माझ्या नवऱ्यानं कुक्कुटपालन काढलं. त्याला 'कोंबड्या पाळणं' म्हटलेलं खपायचं नाही. कोंबड्या गावातले लोक पाळतात, म्हणायचा.

तो मुंबईत एका कचेरीत कारकून होता. तिथल्याच कुणाकडून त्यानं कोंबड्यांवरची एक पुस्तिका मिळवली आणि महिनाभर जेवताना मोठ्यानं वाचून माझा घास कडू केला. मग डिसेंबरअखेरीस एका गुरुवारी रजा टाकून भोकं पाडलेल्या खोक्यातून एका दिवसाची पन्नास पिल्लं घेऊन आला. आतल्या खोलीत ब्रूडर मांडला. ब्रूडर म्हणजे काय, तर पत्र्याचं गोल कडं, तळाला भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र आणि वर उलट्या टोपलीत उबेसाठी शंभराचा बल्ब. हुकूम त्यानं सोडले, पत्रा मी वाकवला. तिथे त्याचं कुक्कुटपालन संपलं. पुढे रोज संध्याकाळी बसमधून उतरून आला की नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारायचा, "काय म्हणतायत आपले पक्षी?"

पक्षी काय म्हणतायत ते मला माहीत होतं, कारण दिवसभर मीच त्यांच्यात बसलेली असायचे. कागद बदलायचे, पाण्याच्या ताटलीत बुडू नयेत म्हणून खडे टाकायचे, कुणाची शी मागे चिकटून बसली तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायची. किळस पहिले दोन दिवस आली. नंतर मला ती पिल्लं आवडायला लागली, हे कबूल करायला हरकत नाही. माझी चाहूल लागली की सगळी पत्र्यापाशी गोळा व्हायची. मी आल्याचा आनंद त्या घरात आणखी कुणाला होत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एकदा संध्याकाळी लाईट गेली. बल्ब विझल्याबरोबर पिल्लं एका जागी धावली आणि एकमेकांच्या अंगावर चढायला लागली. खालची चिरडली जात होती, तरी वरची उतरेनात. लाईट येईपर्यंत मी दोन्ही हातांनी ती सारखी पांगवत बसले. नवरा बाहेरच्या खोलीत मेणबत्तीवर पेपर वाचत होता.

बोनकोड्याची एक मावशी दारावर खाडीच्या चिखलातली मासळी, निवट्या, विकायला यायची. दुसऱ्या दिवशी तिला मी हे सांगितलं, तशी ती टोपली उतरवून आतच आली. "ह्यो पत्रा गोल हाय, म्हनून वाचली," ती म्हणाली. "भाएर काढशील तवा खुराड्याचे कोपरे बुजव, बाय. थंडी लागली का कोपऱ्यात घुसतात नि एकावर एक मरतात. आनि पिसं आल्याबिगर काढूच नको." मी त्याच दिवशी वाण्याकडून चार गोणपाटं आणून ठेवली.

पिसं यायला अजून अवकाश होता. पुस्तिकेतही पाच आठवडे लिहिलं होतं, थंडीत त्याहून जास्त. पण नवऱ्याच्या कचेरीतले साहेब तिसऱ्या आठवड्यानंतरच्या रविवारी जेवायला यायला कबूल झाले, आणि पुस्तिका एकदम गप्प झाली. ते पान माझं मीच वाचलं, त्यानं मला ते कधी वाचून दाखवलं नाही. खोक्याच्या फळ्या ठोकून त्यानं खुराडं केलं, हिरवा रंग दिला आणि वर पाटी लावली. आमचं आडनाव, पुढे 'पोल्ट्री फार्म'. पन्नास पिल्लांचा फार्म! वायर बाहेर लोंबलेली बरी दिसत नाही म्हणून बल्बही लावला नाही.

"अहो, ही अजून लहान आहेत," मी म्हणाले.

"काळजी करू नकोस. इकडे कसली आलीय थंडी?"

रविवारी साहेब सपत्नीक आले. लाल रिबीन बांधली होती, ती त्यांनी माझ्या शिवणाच्या कात्रीनं कापली. साहेबीणबाई पदर नाकाशी धरून टाळ्या वाजवत होत्या. ते कसं जमवलं त्यांनाच ठाऊक. नवरा एकेक पिल्लू साहेबांच्या हातात देत होता आणि साहेब ते खुराड्यात सोडत होते. मी गोणपाटं घेऊन पुढे झाले.

"कोपरे बुजवून घेऊ का आधी?"

नवरा साहेबांकडे बघून हसला. "बघा साहेब, आता आम्हाला हिच्याकडून शिकायचं राहिलंय. तू कुकर बघ, शिट्टी होतेय."

सगळे हसले. साहेबीणबाईसुद्धा.

मी आत गेले. गोणपाटांच्या व्यवस्थित घड्या घातल्या आणि माळ्यावर टाकल्या. होऊन जाऊ दे, म्हटलं. उद्या सकाळी याची अक्कल किती आहे ते यालाच दिसेल. अगदी याच शब्दांत म्हटलं होतं.

पाहुणे गेले. दिवेलागणीला खाडीकडून वारा सुटला. नवरा जेवताना साहेब काय काय म्हणाले ते तिसऱ्यांदा सांगत होता आणि मागून पिल्लांचा चिवचिवाट चढत चालला होता. खुराडं मागच्या दारापासून दहा पावलांवर होतं. थोड्या वेळानं आवाज कमी झाला. "बघ, रुळली," नवरा म्हणाला. आवाज का कमी झाला ते मला माहीत होतं. मी भांडी घासायला घेतली.

सकाळी खुराड्याचं दार मी त्यालाच उघडू दिलं. खाडीकडच्या कोपऱ्यात सगळी एका ढिगात होती. वरची सात-आठ जिवंत होती, खालची चपटी झाली होती. एकाच्या मागे मी आदल्या दिवशीच बोळा फिरवला होता, ते मी ओळखलं.

नवरा कचेरीचे कपडे घालून तयार होता. तसाच मातीत बसला. एकेक पिल्लू उचलून ओळीनं ठेवत गेला. तो रडेल असं मला वाटलं नव्हतं. त्याचं थोबाड पडलेलं बघायचं म्हणून मी आदल्या दिवसापासून थांबले होते. आता ते समोर होतं, आणि मला बघवत नव्हतं.

त्यानं मान वर केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तोवर त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं.

"काय झालं असेल गं? तुला काही समजतंय का?"

सांगायचं म्हटलं तर मग काल का नाही सांगितलंस, पुन्हा का नाही म्हणालीस, दहा पावलं का नाही गेलीस, हे सगळं आलं असतं.

"रोग असेल काहीतरी," मी म्हणाले.

"हो. रोगच," तो म्हणाला. त्यानं लगेच विश्वास ठेवला.