मक्रमची डावी बाही

ओल्फा आमच्या शेजारच्या मब्रूकाची लेक. धंदा विचाराल तर कॉम्प्युटर गेममधल्या बाहुल्यांची कातडी रंगवायची. पोरं त्याला स्किन म्हणतात. चौकटीला चौकट जोडून कपडे, केस, तोंड, सगळं. मब्रूका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझी पोर कातडी विकते बाई, आता खाटकाशीच सोयरीक बघायला हवी!" आणि मायलेकी खो खो हसायच्या. तेव्हा हसत होत्या.

मला त्यातलं काय कळतंय, मी तिची खाल्ती, म्हणजे मानलेली मावशी, लोकरीचं विणणारी बाई. पण तिच्या मागे बसून बघायला आवडायचं. बाकीचे एक हात रंगवतात आणि तोच उलटवून दुसरीकडे चिकटवतात. ओल्फाला ते मुळीच पटायचं नाही. "खाल्ती सुआद, ऊन एकाच बाजूनं येतं ना? मग दोन्ही बाह्या सारख्या कशा?" असं म्हणून ती कोपराच्या चुणीत एकेक चौकट गडद करत बसायची.

"अगं, त्या पोरांना नुसत्या उड्या मारायच्यात. चुण्या कोण बघतोय?"

"मी बघते ना!"

तिच्या भावाची, मक्रमची स्किन तिनं जीव ओतून केली होती. अंगात मी विणलेला निळा स्वेटर. त्याच्या डाव्या कोपराला भोक पडलं तेव्हा माझी निळी लोकर संपली होती, म्हणून मब्रूकाची जुनी शाल उसवून मी विटकरी ठिगळ विणलं. "खाल्ती, हे काय, टोमॅटो सांडलाय!" मेल्यानं, जीभ झडो माझी, किती चिडवलं मला! ओल्फानं ते ठिगळही हुबेहूब रंगवलं. तोच स्वेटर घालून तो चोरून इटलीला जाणाऱ्या नावेत बसला. सांगून गेला असता तर तंगड्या तोडल्या असत्या त्याच्या.

नाव पोचलीच नाही. मब्रूका मात्र ऐकायला तयार नव्हती. ईदला त्याच्या वाटणीचं गोड बाजूला काढून ठेवायची. कुणी सांत्वनाला आलं की दारातूनच परत पाठवायची. ओल्फा तिच्यासाठी गेम लावायची, मक्रमला इकडून तिकडे चालवायची, आणि मब्रूका म्हणायची, "वाळलाय गं पोरगा."

मग एका दुपारी लमीनसाहेब, आमच्याकडे म्हणतात सी लमीन, ते आले. समुद्र ज्यांना किनाऱ्यावर टाकतो त्यांना पुरायचं काम हा माणूस आपणहून करतो, देव त्याचं भलं करो. एका बिननावाच्या कबरीतल्या मुलाच्या कपड्यांचा फोटो त्यांच्या मोबाईलवर होता. निळी बाही, मिठानं पांढरट पडलेली, कोपराला विटकरी ठिगळ. माझे टाके मी ओळखणार नाही?

मब्रूका म्हणाली, "आमच्या स्वेटरला ठिगळबिगळ नव्हतं. ओल्फा, दाखव त्यांना."

ओल्फा आमच्याकडे पाठ करून बसली. "थांबा, उघडायला वेळ लागतो," म्हणाली. साफ खोटं! मग ती बाजूला झाली. पडद्यावर मक्रम उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाह्या सारख्या होत्या. सावलीसुद्धा सारखीच, दोन्हीकडून ऊन आल्यासारखी. उजवी बाही उलटवून तिनं डावीवर चिकटवली होती.

"बघा, आहे का ठिगळ?" मब्रूका म्हणाली. सी लमीननी माफी मागून मोबाईल खिशात घातला. मी बोलणार, तर ओल्फानं मला डोळ्यांनीच अडवलं.

सी लमीन दारापाशी पोचले. मब्रूका अजून पडद्यापुढेच. तिचं बोट त्या डाव्या कोपरावर घुटमळत होतं.

"इथं माझी शाल होती," ती म्हणाली.

ओल्फाला रडू फुटलं. "उम्मी, मला वाटलं, तू..."

"सी लमीन, जाऊ नका." मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "होती तशी काढ, बाळा. माझ्या शालीचा तुकडा घेऊन परत आलाय तो. त्याला परका कसा म्हणू मी?"

ओल्फा डोळे पुसत एकेक चौकट विटकरी करत गेली. चुणीतली सावलीही तिनं पुन्हा होती त्या बाजूला दिली. शेवटची चौकट भरली आणि मब्रूकानं हंबरडा फोडला. मी उठले आणि दार सताड उघडं केलं. आता लोकांना येऊ द्यायचं होतं.