अंजनावरचे घरटे

भास्कर गेल्याचे मला देवळाच्या व्हॉट्सअॅप गटावर कळले, तेही दशक्रिया उरकल्यावर. त्याच्या घरून निरोप आला नाही, आणि यावा असे मी काही शिल्लक ठेवले नव्हते. चोपड्यात आमच्या घरांमध्ये तीन गल्ल्यांचे अंतर आहे. चार वर्षे मी ते ओलांडले नाही.

भास्कर लग्नामुंजींचे फोटो काढून पोट भरीत असे. जीव मात्र शिकारी पक्ष्यांत. त्याची एक रीत होती. सातपुड्याच्या पायथ्याशी एखादे घरटे सापडले, की पहिले तीन दिवस तो कॅमेरा पिशवीतून काढीतच नसे. गोणपाटाच्या आडोशाला नुसता बसून राही. "आदी तिले आपली सवय व्हऊ द्या, फोटो मंग." मी जन्मभर संस्कृत शिकवलेला, प्रवचने करणारा मनुष्य, उपासनेतला हा धीर ग्रंथाबाहेर मला प्रथम त्याच्यापाशी दिसला.

एका माघात त्याने मला सापमार गरुडाच्या घरट्यापाशी नेले. पाझर तलावापलीकडे एकाकी अंजनवृक्ष, शेंड्याला काटक्यांची बैठक आणि तीत बसलेली मादी. ही जात वर्षाला एकच अंडे घालते, असे तो कुजबुजला, मग म्हणाला, "हालू नका, शास्त्रीबोवा. तिनी आपलाले दखी लिधं." मादीची नजर आमच्यावरच होती. थोड्या वेळाने नर आला, त्याच्या चोचीतून सापाची शेपटी लोंबत होती. त्याने पिवळ्या डोळ्यांनी आमच्याकडे रोखून पाहिले ... माझे हात आपोआप जुळले. भास्कर हसला. "तुमना गरुड देऊळमा, मना झाडवर. दोन्हीसनी गल्लत करू नका." परतताना त्याने वचन मागितले, जागा कोणाला सांगायची नाही. मी ते दिले.

पंधरा दिवसांनी प्रवचनात गरुडाख्यान आले. भास्करने दिलेला फोटो मी श्रोत्यांत फिरवला, आणि स्वतःच्याच वाणीला भुलून सांगून बसलो, की हा वैनतेय आपल्याच शिवारात, तलावापलीकडच्या अंजनावर नांदतो आहे. पुढल्या रविवारी त्या झाडाखाली नारळ फुटले. उदबत्त्या लागल्या, खोडाला लाल वस्त्र बांधले गेले, शेकडो मोबाइल उंचावले गेले. पक्षी दोन दिवस आभाळात घिरट्या घालीत राहिले, मग दिसेनासे झाले.

भास्कर माझ्या ओसरीवर आला, पण बसला नाही.

"अंडं थंड पडी गयं, शास्त्रीबोवा."

"लोक भक्तीनेच आले होते ना, भास्कर?"

"मांजरबी दूधकडे भक्तीनीच येस."

मला राग आला. चूक कळत होती. परंतु एका फोटोवाल्याने शास्त्र्याला सुनवावे, हे सोसले नाही. पुढे प्रायश्चित्त म्हणून मी पारायणे केली, उपवास केले. त्याच्या दारी जाऊन दोन शब्द बोलावेत, यासाठी कोणतीही पोथी उघडावी लागत नव्हती ... तेवढे मात्र केले नाही.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि सहज बोलावे तसे सांगितले, की घरटे ओस पडले तेव्हा, भास्कर ज्यांच्याबरोबर रानात जाई ते जळगावचे पक्षिमित्र चौकशीला आले होते, जागा फुटली कशी म्हणून. भास्कर त्यांना म्हणाला, "मनाच तोंडून निंघी गयं." त्यानंतर त्या मंडळींनी त्याला कधी सोबत नेले नाही.

"मी इचारं, शास्त्रीबोवानं नाव का बरं न्हई लिधं?" वहिनी म्हणाल्या. "तं म्हने, लोके त्यासनं ऐकतस. ऐकू द्या."

त्याच्या गच्चीवर एक ठेंगणे लाकडी स्टूल आहे. शेवटची वर्षे संध्याकाळी तो तिथे बसून बाजार समितीवर फिरणाऱ्या घारी पाहत असे, कॅमेऱ्याविना. उन्हे कलली की वहिनी अजूनही ते स्टूल सावलीत सरकवतात. "बठा ना," त्या म्हणाल्या. मी उभाच राहिलो.

जळगावच्या त्या मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी एवढे जाणून घ्यावे. जागा भास्करने सांगितली नव्हती. मी सांगितली.