लखीचंदशेठच्या नावावरच्या नोंदी

जळगावच्या नवी पेठेत लखीचंदशेठचं जिनिंगच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर सॉफ्टवेअरची कंपनी. हसू नका. खाली पट्टे आणि बेअरिंग, वर कोड, जिना एकच. त्या जिन्यानं सतरा वर्षं रोज सव्वानऊला चढणारा माणूस म्हणजे पहूरचा नवल चौधरी. वय चव्वेचाळीस, केस बऱ्यापैकी शिल्लक, लग्न नाही. का नाही, यावर पेठेत बरंच बोललं जातं. पत्रिका जुळली नाही, असं त्याची आई मंजुळाबाई सांगते. मुलगी बघायला गेला की कॉम्प्युटरबद्दलच बोलतो, असं मावशीचं म्हणणं. दुकानातला हमाल पुना मात्र काहीच म्हणत नाही, नुसता जिन्याकडे बघून डोळा मारतो.

कंपनी निघाली ती शेठजींच्या हौसेनं. कापसाची गाडी जिनमध्ये आली की काट्यावर चढते, ओलावा बघतात, प्रत ठरते, पावती फाटते. ते सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. त्यासाठी २००७ साली शेठजींनी दोघांना ठेवलं. एक नवल, दुसरी सोनगीरची सारिका देवरे. ती आठवडाभर जळगावात मामांकडे राहायची, शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी, सोमवारी अकराला परत.

आता एवढं समजून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये कुणी काही बदललं की त्याची नोंद राहते, सातबाऱ्यावर फेरफार पडतो तशी: कुणी बदललं, कधी, कशासाठी. नोंदी ठेवायला वेगळा प्रोग्राम असतो. त्यांच्याकडे तेव्हा सबव्हर्जन नावाचा होता. तो बसवला त्या दिवशी नवलनं विचारलं, "शेठजी, नावं कुणाकुणाची टाकू?"

शेतकऱ्यांशी बोलून बोलून शेठजींची मारवाडी अर्धी अहिराणी झालेली. ते म्हणाले, "दुकानवर पाटी कोणाची शे?"

"तुमची."

"मंग बठ्ठं माझ्या नावावर टाक. उद्या तू गेला, ती गेली, तर मी काय गावभर विचारत फिरू?"

झालं. एकच नाव, एकच पासवर्ड. पाच वर्षांत दोघांनी तीन हजार एकशे बारा बदल केले आणि प्रत्येकापुढे नाव पडलं लखीचंद. शेठजींना मोबाइलवरचा फोटो मोठा करायला आजही नातवाला हाक मारावी लागते. पण कागदोपत्री अख्ख्या खानदेशात त्यांच्याएवढा कोड कुणी लिहिला नसेल.

नोंदीसोबत एक ओळ लिहायची असते, काय केलं त्याची. नवल लिहायचा, "केलं." दुसऱ्या दिवशी, "परत केलं." सारिका लिहायची ते पत्रासारखं. "ओलावा बारावर गेला की लाल दिसेल. कालचा पिवळा कुणाला दिसतच नव्हता." किंवा, "पावतीवर आता पूर्ण नाव बसतं. नवल, डबा खाल्ल्याशिवाय उघडू नको, चिडशील." पुनानं या नोंदी कधी पाहिल्या नाहीत, पण त्याच्या डोळा मारण्याचं मूळ इथंच आहे. शेठजींसमोर, तोंडानं, ती त्याला नवलभाऊ म्हणायची. त्यात काही नाही, आपल्याकडे सगळेच सगळ्यांना भाऊ म्हणतात. पण लिहिताना तो भाऊ गळून पडायचा. शेठजी काही नोंदी वाचत नसत. जगात त्या वाचणारा एकच माणूस होता आणि तो सकाळी चपला काढायच्या आधी मशीन चालू करायचा.

२०१२च्या मे महिन्यात सारिकाचं लग्न झालं, धुळ्याच्या भूषण सोनवणे यांच्याशी. तिची शेवटची नोंद: "काट्याची दुरुस्ती केली. चालतंय. मी निघते." नोंदीला उत्तर देता येत नाही, तशी सोयच नसते. दुसऱ्या दिवशी नवलनं नवी नोंद टाकली, "केलं." काय केलं होतं? काही नाही. एक मोकळी ओळ वाढवली होती.

पुढे नवी माणसं आली, ज्याचं त्याचं नाव पडू लागलं आणि जुन्या नोंदी खाली खाली जात राहिल्या. मग यंदा शेठजींचा नातू अर्पित पुण्याहून शिकून आला आणि म्हणाला, सगळं गिट नावाच्या नव्या प्रोग्रामवर न्यायचं. "जुना सर्व्हर खोकतोय, नवलभाऊ. आजचा कोड तेवढा उचला, नोंदी सोडून द्या. त्या कोण बघतंय?"

नवल सहसा कुणाला नाही म्हणत नाही. या खेपेला म्हणाला, "नोंदी येतील. सगळ्या. आठ दिवस लागतील."

"आठ दिवस? कशाला?"

"लागतील."

खरं सांगायचं तर पंधरा दिवसांपूर्वी एक फोन आला होता. बारा वर्षांत पहिला.

"नवलभाऊ, मी सारिका. ओळखलं का?"

ओळखलं का, म्हणे!

मुलगी आता सहावीत गेली होती आणि सारिकाला पुन्हा काम करायचं होतं. नाशिकच्या एका कंपनीचं घरून करण्यासारखं काम होतं, पण त्यांना आधी केलेलं काहीतरी बघायचं होतं. शेठजींनी दिलेलं 'काम चांगले आहे' असं पत्र तिनं पाठवून पाहिलं. त्यानं भागलं नाही. "पाच वर्षं राबले मी तिथं," ती म्हणाली, "आणि दाखवायला काही नाही. त्या नोंदींत माझं नाव निघेल का हो कुठं?"

"निघेल ना," नवल म्हणाला. कुठंच नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

जुन्या नोंदी गिटमध्ये नेताना एक यादी द्यावी लागते: जुन्या प्रोग्राममधलं नाव कोणतं, खरा माणूस कोण. इथं त्या पाच वर्षांपुरती यादी एका ओळीची. म्हणजे एकेक नोंद उघडायची, शेठजींचं नाव काढायचं, ज्याचं त्याला द्यायचं. तेही आत्ताच. एकदा सगळ्यांच्या मशीनवर उतरलं की मागचं बदलणं म्हणजे पंगत उठल्यावर मीठ वाढणं. अर्पितला त्यानं एवढंच विचारलं, नोंदींची यादी बाहेर दाखवली तर चालेल का? अर्पित म्हणाला, कोड नको, यादी खुशाल दाखवा.

नवल कामाला लागला. शनिवार दुपारनंतरच्या नोंदी त्याच्या. सोमवारी अकराच्या आधीच्या त्याच्या. "केलं" त्याच्या. पत्रं तिची. पहिल्या हजार भराभर निघाल्या. मग घोळ व्हायला लागला, कारण २००९नंतर नवलही पत्रं लिहायला लागला होता, तिचं बघून. ओळ वाचावी तर वाटावं हिचीच, आणि कोड उघडावा तर आतली चूक आपली! सहा दिवसांत सगळ्या लागल्या, एक्केचाळीस सोडून. त्या २०१०च्या हंगामातल्या, दीड महिन्याच्या.

रविवारी त्यानं त्या एक्केचाळीस कागदावर छापून घेतल्या आणि धुळ्याची एसटी धरली. फोनवर विचारता आलं असतं, हे आपल्याला कळतं. त्यालाही कळत होतं. शर्ट इस्त्रीचा होता.

धुळ्याच्या देवपुरात दार भूषणनं उघडलं. हसरा, मोकळा माणूस; त्याचा राग धरावा असं काही त्याच्यात नव्हतं, ही नवलची आणखी एक अडचण. "या या! ही किराण्याची यादीसुद्धा पानभर लिहिते हो. तिचं सगळं वाचणारा माणूस मला बघायचाच होता. बसा, चहा मी टाकतो."

सारिकाला चष्मा लागला होता. कानांजवळ पांढरं दिसत होतं. कागद हातात घेऊन ती मधल्या बोटानं ओळींवरून जाऊ लागली, पूर्वीसारखीच.

"नाव कोणतं लावू?" नवलनं विचारलं. "सोनवणे ना?"

"देवरे लावा," ती म्हणाली. "काम तिनं केलंय."

मग कागदाकडे बघत म्हणाली, "अहो, हे तर चाळीसगावच्या त्या जिनचं. काटा उलटे आकडे देत होता."

"हो. आणि आपलं एकच मशीन चालू होतं."

"दुसरं दुरुस्तीला गेलेलं. मी सांगत होते, तुम्ही टाइप करत होता."

"दुपारनंतर उलटं."

"खुर्चीही एकच होती. दुसरं ते स्टूल, डुगडुगणारं."

"मग स्टुलावर कोण होतं त्यावरून ठरवू या."

ती मोठ्यानं हसली. "तुमच्याच लावून टाका."

"नाही, तुझ्या..." तो अडखळला. "तुमच्या लावतो. आकडे का उलटतात ते तुम्हीच शोधलं होतं."

"आणि सुलटे कुणी केले?"

नवलनं कागदाची कड सरळ केली. एसटीत तीन तास घोळवलेलं वाक्य त्यानं काढलं. "गिटमध्ये एक सोय आहे. नोंदीखाली दुसरं नाव लिहिता येतं. दोघांनी मिळून केलं, असं."

आतून भूषणनं विचारलं, "नवलभाऊंना साखर किती?"

"एकच चमचा," ती कागदावरून नजर न काढता म्हणाली.

नवलनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नको," ती म्हणाली. "त्या शेठजींच्याच नावावर राहू द्या."

"तुमचं काम कमी दिसेल तेवढं."

"दिसू दे. त्या मला कुणाला दाखवायच्या नाहीत."

चहा आला. भूषणनं पहूरच्या पावसापाण्याची चौकशी केली, नवलनं सांगितलं काय ते.

सोमवारी सगळं गिटवर गेलं. सारिका देवरे, सोळाशे चाळीस. नवलपेक्षा दोनशे नऊ जास्त. माडीवरच्या पोरांनी त्याला दिवसभर छळलं: "भाऊ, तुम्ही मग करत काय होता?" महिन्यानं धुळ्याहून निरोप आला, नाशिकच्यांनी घेतलं, काम सुरू झालं.

शेठजींना मात्र अर्पितकडून कळलं आणि त्यांनी नवलला खाली बोलावलं. "माझं नाव काढलं म्हणे तू?"

"बठ्ठं नाही शेठजी. एक्केचाळीस ठेवलीत."

"ती का ठेवली?"

"ती कुणा एकाची नव्हती."

शेठजींनी क्षणभर विचार केला. "मंग बरोबर शे," ते म्हणाले. "ज्याला मालक नाही ते दुकानचं."

नवल माडीवर आला. जुन्या प्रोग्राममध्ये लखीचंद नावानं शोधलं की पाच वर्षांचं सगळं अंगावर यायचं. आता गिटमध्ये बाकी काहीच येत नाही. तेवढा दीड महिना येतो, तारखेनं एकाखाली एक. नवल शोधतो अधूनमधून. काट्याचं काही अडलं की बघावं लागतं, असं पोरांना सांगतो.